तळे नगरपालिकेचे, मग उत्तर कोणाचे? महाडच्या १३ वर्षांचा हिशेब

२० मार्च जवळ आला की चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर लेख येतात, भाषणे होतात. त्यात बाबासाहेब असतात, ओंजळीतले पाणी असते, सनातन्यांनी केलेला हल्ला असतो. एक पात्र मात्र बहुतेक वेळा मागेच राहते. ते म्हणजे महाडची नगरपालिका. तळे तिच्या ताब्यात होते. ते सर्वांना खुले करण्याचा ठराव तिने केला होता. आणि साडेतीन वर्षांनी तो ठराव रद्दही तिनेच केला.

सनातन्यांवर आपण भरपूर बोलतो, बोललेच पाहिजे. पण लाठी घेऊन आलेला माणूस निदान समोर दिसतो. ठराव करून गप्प बसणारी संस्था दिसत नाही. तिला प्रश्न विचारला की ती आधी 'हो' म्हणते, मग काहीच म्हणत नाही, मग लोकभावनेकडे बोट दाखवते आणि शेवटी 'प्रकरण कोर्टात आहे' असे सांगते. आज कोणत्याही नगरपरिषदेत पत्रकार किंवा कार्यकर्ता प्रश्न घेऊन गेला तर त्याला हीच चार उत्तरे मिळतात. आमचे म्हणणे असे, की या उत्तरांचा इतिहास महाडमध्ये सापडतो आणि त्यांच्याशी लढायचे कसे हेही तिथेच सापडते.

'विचार करावा' अशा भाषेतला हक्क

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, ही त्या ठरावाची शिफारस होती. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यावर परिपत्रक काढले. आपल्या खात्यांना सरकारने अंमलबजावणीचा आदेश दिला. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र भाषा बदलली. आपल्या हद्दीतील स्थानिक संस्थांनी ही शिफारस स्वीकारण्याचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, एवढेच सांगितले गेले.

ही भाषा नीट वाचली पाहिजे. सरकारी दवाखान्यासाठी आदेश आणि गावातल्या पाण्यासाठी सल्ला. माणसाला दवाखान्याची गरज कधीतरी पडते, पाण्याची रोज पडते. जिथे जातीचा पहारा सर्वांत कडक होता, तिथेच सरकारने हात आखडता घेतला. स्थानिक स्वराज्याचा मान राखण्याच्या नावाखाली अस्पृश्यांचा हक्क स्थानिक बहुमताच्या मर्जीवर सोडला.

जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला, की चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला तिथे पाणी भरता आले नाही. अन्य धर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता, जनावरांनाही नव्हता. तरी नगरपालिकेने ना संरक्षण दिले, ना अडवणाऱ्यांवर कारवाई केली. 'हरकत नाही' असे म्हणून ती मोकळी झाली.

ठराव करून बसून राहण्याची ही तऱ्हा एकट्या महाडची नव्हती. म्हणून तर १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा विधिमंडळात उभे राहावे लागले. १९२३ च्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखा, अशी या वेळची मागणी होती. तीन वर्षांत बोले यांना कळून चुकले होते, की विनंतीला स्थानिक संस्था दाद देत नाही, तिजोरीला हात लागला तरच ती जागी होते.

प्रश्न विचारायला आधी पत्र लागते

१९२४ ते १९२७ या तीन वर्षांत महाड नगरपालिकेला हा प्रश्न कोण विचारणार होते? 'तुम्ही ठराव केला, मग तळ्यावर काय चालले आहे?' असा प्रश्न वर्तमानपत्राने विचारायचा असतो. पण तेव्हाची मराठी वर्तमानपत्रे कोणाच्या हातात होती हे आपल्याला माहीत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही 'केसरी'ने नकार दिला होता. जे पत्र अस्पृश्यांच्या पाक्षिकाची जाहिरात घेत नाही, ते अस्पृश्यांच्या पाण्यासाठी नगरपालिकेला जाब विचारील, ही अपेक्षाच फोल होती.

इथे इंग्लंडशी एक तुलना करण्यासारखी आहे. वेल्समधील टेन्बी या छोट्या शहराच्या कॉर्पोरेशनने स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकाला सभेत बसण्यास मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले. १९०८ मध्ये निकाल लागला, की अशा सभेला हजर राहण्याचा हक्क जनतेला नाही आणि वर्तमानपत्रालाही नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून वार्ताहरांना स्थानिक संस्थांच्या सभांचे दार उघडून दिले. तिथला झगडा दाराचा होता. वार्ताहर बाहेर होता, त्याला आत घ्यायचे होते. इथला झगडा त्याच्याही आधीचा होता. नगरपालिकेचे दार पत्रकाराला उघडे असले तरी आत बसणारा सदस्य आणि बाहेरून येणारा पत्रकार बहुधा एकाच सामाजिक थरातले. मग प्रश्न निघणार कसा? पत्रकारितेचे स्वातंत्र्य नुसते कायद्यात असून भागत नाही, लेखणी कोणाच्या हातात आहे यावर ते ठरते.

ही गोष्ट आपल्या परंपरेने फार आधी ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पुढे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. त्याच काळात, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले आणि नंतर नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. पाणी, नगरपालिका आणि वर्तमानपत्र या तिन्ही गोष्टी सत्यशोधक चळवळीच्या नजरेसमोर होत्या. सत्तेत माणूस गेला तरी त्याला बाहेरून आवाज देणारे पत्र लागते, हे त्या पिढीला समजले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेच्या मंडपावर आणि गावात पांगलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून 'शुद्धी' करण्यात आली. आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला.

हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. महाडनंतर प्रस्थापित वृत्तपत्रांत जी चर्चा झाली, तिच्यात 'भाला'सारखी पत्रे उघडपणे अस्पृश्यांच्या विरोधात उतरली होती. प्रश्न उलटा फिरवला गेला होता. 'तुम्ही मारले का?' असे हल्लेखोरांना विचारायच्या ऐवजी 'तुम्ही तळ्यावर गेलात का?' असे मार खाल्लेल्यांना विचारले जात होते. 'बहिष्कृत भारत'ने तो पुन्हा सरळ केला. महाडच्या धर्मसंगरावर बाबासाहेबांनी लेखमाला लिहिली आणि तिची मांडणी जबाबदारीवर केली. वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी कोणती, इंग्रज सरकारची कोणती आणि स्वतः अस्पृश्य वर्गाची कोणती. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी घटनेचे वर्णन थांबवून उत्तरदायित्वाची विभागणी केली. कोणी काय करायला हवे होते आणि कोणी ते केले नाही, असा तो हिशेब होता. आजच्या पत्रकारितेला हे जमले तर खूप झाले.

नगरपालिकेने दिलेले उत्तर

जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. फौजदारी न्यायालयाने आपले काम केले. आता नगरपालिकेला आपल्या ठरावाच्या मागे उभे राहायची संधी होती. तिने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठराव संमत झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती.

जोवर ठराव निव्वळ कागदावर होता तोवर नगरपालिकेला त्याचा त्रास नव्हता. तो खरा मानून माणसे तळ्यावर आली, तेव्हा तिला तो जड झाला.

काही जण म्हणतात की नगरपालिका तरी काय करणार, सदस्यांना लोकभावना पाहावी लागते. हा युक्तिवाद आजही होतो, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. त्या काळी नगरपालिकेचे मतदार म्हणजे कर भरणारे, मालमत्ता असणारे लोक. ज्यांना गावात धड घरजागा नाही, त्यांचे नाव त्या यादीत येणार कुठून? तेव्हा 'लोकभावना' या शब्दातले लोक आधीच निवडून ठेवलेले होते. ज्यांना तळ्याचे पाणी मिळत नव्हते त्यांची भावना त्यात मोजलीच गेली नव्हती. भेदभाव पुसण्याचा विषय भेदभाव करणाऱ्यांच्या बहुमतावर सोपवला तर निकाल काय लागणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पुढे १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला बाबासाहेबांनी विरोध केला, त्यामागे हाच अनुभव होता.

इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूने उभे होते. अनंतराव चित्रे यांनी परिषदेसाठी झटून काम केले. ही माणसे सवर्ण होती आणि त्यांनी आपल्याच लोकांचा रोष पत्करला. पण यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एक भला अध्यक्ष असूनही संस्था फिरली. म्हणजे व्यक्ती चांगली मिळाली म्हणून संस्था उत्तरदायी होत नाही. आपल्या ओळखीचा नगरसेवक किंवा आपल्या समाजाचा नगराध्यक्ष आहे एवढ्यावर आजही जे निश्चिंत होतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

'तळे आमचे खासगी' आणि 'प्रकरण न्यायप्रविष्ट'

२५ डिसेंबर १९२७ ला दुसरा सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्याचा पाया असा, की तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या वहिवाटीचे खासगी तळे आहे. ज्या तळ्याबद्दल नगरपालिकेने दोनदा ठराव केले, ते एकाएकी कोणाचे तरी खासगी झाले.

परिषदेला जागा द्यायला गावातला कोणी हिंदू तयार नव्हता. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने जागा दिली. मनुस्मृतीचे दहन झाले. मनाई हुकूम असल्यामुळे सत्याग्रह तहकूब करण्यात आला आणि लढा कोर्टात सुरू झाला. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने दाव्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याला वादींचे अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयातही ते हरले. १९२४ च्या ठरावापासून मोजले तर एका तळ्याच्या पाण्यासाठी १३ वर्षे गेली.

उच्च न्यायालयातला विजय कशावर मिळाला हे आपण तपासले पाहिजे. अस्पृश्यता वाईट आहे म्हणून वादी हरले नाहीत. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. तळ्याची मालकी नगरपालिकेकडे असल्याचेही कागदपत्रांवरून ठरले. म्हणजे बाबासाहेबांनी नैतिक लढाई मैदानात लढली आणि कागदाची लढाई कागदाने लढली. १९२४ चा तो अर्ध्या मनाने केलेला ठरावसुद्धा वाया गेला नाही. २० मार्चला लोक तळ्यावर गेले ते 'आम्ही हक्काने आलो आहोत' असे म्हणत, आणि त्या म्हणण्याला नगरपालिकेच्याच ठरावाचा आधार होता. लेखी दिलेले उत्तर खोट्या मनाने दिलेले असले तरी पुढे आपल्या कामाला येते.

या सगळ्याचा शेवट संविधानात झाला. अनुच्छेद १५(२) वाचा. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर जातीमुळे बंधन घालता येणार नाही. बोले ठरावातला विषय इथे पुन्हा आला आहे, फक्त 'विचार करावा' हे शब्द गेले आहेत. स्थानिक संस्थेच्या मर्जीवर काही ठेवायचे नाही, हा महाडचा धडा बाबासाहेबांच्या संविधानाने पक्का केला.

आजची उत्तरे

आता आजकडे येऊ. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला मिळणारी उत्तरे या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहा. वस्ती सुधार योजनेचा निधी कुठे खर्च झाला असे विचारले, तर 'प्रस्ताव मंजूर आहे' असे उत्तर येते. हे १९२४ चे 'हरकत नाही' आहे. स्मशानभूमीच्या रस्त्याचे विचारले, तर 'स्थानिकांचा विरोध आहे' असे सांगतात. हे १९२७ चे उत्तर झाले. गटारात उतरून माणूस मेला तर 'तो आमचा कामगार नव्हता, ठेकेदाराचा होता' असे म्हणतात. तळे आमचे नाही, असे म्हणण्याचीच ही रीत आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेमुळे एकही मृत्यू झाला नाही, असे उत्तर २०२१ मध्ये खुद्द संसदेत दिले गेले. गटार आणि सेप्टिक टँकमधले मृत्यू 'धोकादायक सफाई' या वेगळ्या खान्यात टाकले, की पहिला खाना रिकामाच राहतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. ती मिळवण्यासाठी विधवा बाईला आधी सिद्ध करावे लागते, की तिचा नवरा कोणाच्या कामावर मेला.

बाबासाहेबांकडे नव्हते असे एक हत्यार आपल्याकडे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रश्न विचारायला पत्रकार असण्याची गरज ठेवली नाही. अर्जात कारण द्यावे लागत नाही. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवावी लागतात. महाड नगरपालिकेला १९२७ मध्ये हे कलम लागू असते, तर ठराव का फिरवला हे तिला अस्पृश्यांना लिहून द्यावे लागले असते. आणि 'न्यायप्रविष्ट आहे' या उत्तराचे काय? कायद्यात ही सबब नाही. न्यायालयाने स्पष्टपणे प्रसिद्धीस मनाई केलेली किंवा जिच्यामुळे न्यायालयाचा अवमान होईल अशीच माहिती त्या कारणाने नाकारता येते. नुसता खटला चालू आहे म्हणून माहिती अडवता येत नाही. वेळेत उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

हत्यार बोथट करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आणि त्या कलमातली जनहिताची कसोटी काढून टाकली. लाभार्थ्यांच्या यादीसाठी अर्ज केला तर उद्या याच कलमाकडे बोट दाखवले जाईल. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची सोय कलम ८(२) मध्ये अजून आहे. अर्ज आणि अपील लिहिताना तिचा उल्लेख करायला विसरू नका.

आमच्या तरुण साथींना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायची आहे. मुख्याधिकाऱ्याच्या दालनात शिरून मोबाईल समोर धरायचा, त्याला चार शब्द सुनवायचे आणि चित्रफीत टाकायची, हे अलीकडे फार वाढले आहे. त्यातला राग खरा आहे, तो आम्हालाही येतो. पण कॅमेऱ्यासमोर अधिकारी 'बघतो, करतो' म्हणतो, टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी त्या शब्दाला काही किंमत उरत नाही. बाबासाहेबांनी राग आणि कागद यांची फारकत केली नाही. तळ्यावर ते गेले, पत्र त्यांनी काढले आणि दावा १० वर्षे नेटाने लढवला. यातले एकही काम त्यांनी दुसऱ्याचा पर्याय मानले नाही.

म्हणून आपापल्या गावात तीन कामे करा. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त दर वेळी मागवा आणि आपल्या वस्तीबद्दलचे ठराव वेगळ्या वहीत उतरवा. प्रत्येक ठरावापुढे तारीख, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष काम असे तीन रकाने आखा. आणि ती वही गावातल्या प्रत्येक पत्रकाराकडे न्या. तो छापत नसेल तर आपण छापा, बुद्धविहाराच्या फलकावर लावा, भित्तीपत्रक काढा. 'बहिष्कृत भारत'चे कित्येक रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत होते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात आज छापखाना आहे.

ठराव झाला की लढा संपला असे समजू नका. महाडमध्ये खरा प्रश्न ठरावानंतरच सुरू झाला होता.

जय भीम!